गप्प वर्गाला नेतृत्व शिकवताना

मी वर्गात शिरले तेव्हा सगळ्या मुली उभ्या राहिल्या. बसा म्हटल्यावर बसल्या. त्यानंतर दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत त्या वर्गातली एकही मुलगी माझ्या तासाला एक शब्द बोलली नाही.

पालघर-बोईसर रस्त्यावरचं ते नर्सिंग कॉलेज खाजगी होतं. मी सरकारी हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झाले होते आणि उमरोळीला घरी बसून कंटाळले होते. वाडीतले चिकू दीर आणि जाऊबाई बघत होते, त्यांना माझी लुडबुड नको होती. अशात कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. चौथ्या वर्षाला नेतृत्व आणि व्यवस्थापन असा विषय असतो, तो शिकवायला त्यांना कुणी मिळत नव्हतं.

"तुम्ही जन्मभर वॉर्ड चालवलेत, मॅडम," ते म्हणाले. "पुस्तक नुसतं नावाला उघडायचं. बाकी तुमचा अनुभव सांगा."

मला ते पटलं. मी रुजू झाले.

त्यांनी जे सांगितलं नाही ते मला पुढे ग्रंथालयातल्या बाईंनी सांगितलं. माझ्याआधी हा विषय एक तरुण ट्यूटर शिकवायचे. पावसाळ्यात हॉस्टेलच्या डाळीत अळ्या निघाल्या, मुली जुलाबांनी आजारी पडल्या. हे ट्यूटर त्यांना घेऊन थेट ऑफिसात गेले. मेसचा ठेका संस्थाचालकांच्या मेहुण्याकडे होता. ट्यूटरांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं, आणि त्यांच्या खुर्चीवर मी येऊन बसले. मुलींच्या लेखी मी संस्थेची माणूस. मला यातलं काही माहीत नव्हतं असं मी वर्गात एकदा सांगितलं. कुणी मानही हलवली नाही.

गप्प बसणं म्हणजे काय असतं ते मला त्या वर्गाने शिकवलं. दंगा करणारा वर्ग मी सहज आवरला असता. इथे सगळ्या वेळेवर हजर. हजेरीला आवाज नाही, फक्त हात वर. मी बोलेन ते उतरवून घ्यायच्या. मी विचारायची, "वॉर्डात तुझ्या हाताखालची एक सिस्टर न सांगता आली नाही, तर काय करशील?" जिला विचारलं ती उभी राहायची आणि माझ्या खांद्यावरून मागच्या फळ्याकडे बघायची. दुसरीला उठवलं की दुसरी तेच करायची. पाचसहा जणी उभ्या राहिल्या की मला कळायचं, आता अख्खा वर्ग उभा करण्यात मजा नाही. मग मीच उत्तर सांगायची, आणि त्या ते उतरवून घ्यायच्या.

प्राचार्यांकडे तक्रार काय करणार? मुली बोलत नाहीत, ही तक्रार ऐकून ते हसले असते. शिवाय माझा मानीपणा. घरी जाताना रिक्षात मी मनातल्या मनात त्या मुलींना शिव्या घालायची. रात्री जेवताना नवऱ्याने काही विचारलं तरी मी त्याच्यावर खेकसायची. तो एकदा म्हणाला, "सोडून दे ना मग." मी म्हटलं, "का सोडू? पोरींना वाटेल आपण जिंकलो."

यांचं नेतृत्व कोण करतंय हे शोधायचं मी ठरवलं. मी फळ्याकडे तोंड करून बोलायची आणि मध्येच वळायची. असं करता करता लक्षात आलं. तिसऱ्या बाकावर खिडकीशी एक मुलगी बसायची, सावळी, हाडापेराने बारीक, केसांना चप्प तेल. ती पेन खाली ठेवायची आणि मग बाकीच्या ठेवायच्या. ती कुणाकडे बघत नव्हती, सगळ्यांना तिच्याकडे बघायची सवय झाली होती. इतकी वर्षं मी सिस्टरांच्या तुकड्या चालवल्या, मला ते ओळखायला वेळ लागायला नको होता.

तिची माहिती काढली. जव्हारच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. आईबाप पावसाळ्यात उतारावर नाचणी आणि थोडं भात करायचे, पाऊस संपला की वीटभट्टीवर जायचे. ही आश्रमशाळेत शिकली, पहिल्या वर्षापासून वर्गात पहिल्या तिघींत.

सुट्टी संपल्यावर मी तिला स्टाफरूममध्ये बोलावून घेतलं. बस म्हटलं. ती बसली नाही.

"वर्गाला गप्प तू बसवलंयस," मी म्हटलं.

ती माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिली.

"इथे बोललीस तर चालेल. इथे वर्ग नाही."

"आमचे सर परत येणार हाय का?" तिने विचारलं. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो अपेक्षेपेक्षा जाड होता.

"ते माझ्या हातात नाही."

"मग आमी तुमच्याशी कशाला बोलायचं?"

"गरज माझी नाही. परीक्षा तुझी आहे."

"परीक्षा आमी देऊ. पुस्तक हाय ना."

मला इतका संताप आला की मी उभी राहिले. तिला म्हटलं, "माणसांना गप्प बसवणं सोपं असतं. कुणीही बसवतो. मालक बसवतो, नवरा बसवतो. त्यांना कामाला लावून दाखव, मग मी तुला पुढारी म्हणेन."

"मला पुढारी नाय व्हायचं."

"आता उशीर झाला," मी म्हटलं. "सोमवारपासून बोईसरच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टी आणि जळितांचा वॉर्ड, दोन्ही तुझ्या ताब्यात. तुझ्या गटातल्या मुलींच्या ड्यूट्या तू लावायच्या. कुणी चुकलं तर जबाब तू द्यायचा. मी मागे उभी असेन."

"लावा," ती म्हणाली आणि निघून गेली. दार तिने आपटलं नाही, पण लावलंही नाही.

बोईसरचं ते हॉस्पिटल आमच्या कॉलेजशी जोडलेलं होतं. तारापूरच्या कारखान्यांतले कामगार तिथे यायचे. हात चिरलेले, डोळ्यांत काहीतरी उडालेलं, छातीत वायू गेलेले. बहुतेक उत्तरेकडचे, पाम किंवा आसपासच्या गावांत एका खोलीत सातआठ जण राहणारे. वॉर्डात मराठीपेक्षा हिंदी जास्त चालायची.

तिने काम हातात घेतलं ते माझ्यावर सूड उगवावा तसं. मुलींच्या ड्यूट्या अशा लावल्या की मला खोट काढता येईना. जी मुलगी रक्ताला घाबरायची तिला आधी चादरी बदलायला लावलं, मग टाके काढताना शेजारी उभं केलं, मग ड्रेसिंग दिलं. हे तिला मी सांगितलं नव्हतं. मी खोट काढायचीच. ट्रेमध्ये कात्री उलटी ठेवलीय, सलाईनच्या बाटलीवर वेळ लिहिलेली नाही. ती ऐकून घ्यायची, दुरुस्त करायची आणि माझ्याकडे न बघता पुढे जायची. वॉर्डात कामापुरतं बोलणं सुरू झालं होतं. "मॅडम, सही." "मॅडम, सर बोलावतात." यापलीकडे काही नाही. मीही त्यापलीकडे गेले नाही.

जानेवारीतली दुपार होती. आम्ही जेवायला उठणार तेवढ्यात लांबून धप्प असा आवाज आला आणि खिडकीची तावदानं वाजली. तिकडे आवाज झाला की सगळे आधी थांबतात आणि दुसरा होतो का ते ऐकतात. दुसरा झाला नाही. थोड्याच वेळात एक टेम्पो आला, त्यात भाजलेले कामगार आडवे घातलेले होते. कुठल्याशा कारखान्यात रिॲक्टरचं झाकण उडालं होतं.

हॉस्पिटलचे दोन मोठे डॉक्टर मुंबईला गेले होते. कॅज्युअल्टीला होता तो नुकता पास झालेला पोरगेला डॉक्टर आणि एक कायमची सिस्टर. बाकी आमच्या मुली. मी बाह्या सरसावल्या, पण त्याआधीच तिचा जाड आवाज सुरू झाला होता. एका पेशंटला एक मुलगी. कपडे कापा, ओढू नका. चिकटलेलं तसंच राहू दे. पाणी घाला, बर्फ नाय. तू शिरा बघ, तुला सापडतात. मी काहीच न सांगता प्रत्येक मुलगी आपल्या जागी गेली. मी एका म्हाताऱ्या कामगाराची शीर शोधायला बसले, कारण ती कुणालाच सापडत नव्हती.

तासाभरात जरा सावरलं. दोघांची हालत वाईट होती, त्यांना मुंबईला हलवायला हवं होतं, त्यासाठी सरकारी गाडी बोलावली होती. तेवढ्यात एक पांढरी गाडी दाराशी लागली. त्यातून कारखान्याला कामगार पुरवणारा ठेकेदार उतरला, सोबत त्याची दोन माणसं. कपडे इस्त्रीचे, हातात दोन फोन. तो सरळ त्या डॉक्टरकडे गेला.

"डॉक्टरसाब, ये अपने आदमी हैं. गुजरात में अपना पहचान का हॉस्पिटल है, वहाँ ले जाते हैं. खर्चा सब हमारा."

डॉक्टर म्हणाला, दोघांना मुंबईलाच न्यावं लागेल, आणि पोलिसांना कळवल्याशिवाय कुणालाच सोडता येणार नाही.

"पुलिस किसलिए? कमरे पे स्टोव फटा है. पूछ लो इनको."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. तो माझ्या मुलाच्या वयाचा होता, आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. माझ्या पिशवीतला फोन वाजला. प्राचार्य होते. त्यांना कंपनीकडून आधीच कळलेलं होतं.

"मॅडम, आपल्या मुलींना ताबडतोब परत आणा. बस पाठवतोय. हा हॉस्पिटलचा आणि कंपनीचा मामला आहे. आपली पोरं त्यात नकोत."

मी तिच्याकडे गेले. ती एका तरुण कामगाराच्या उशाशी होती. त्याचे दोन्ही हात आणि छाती भाजली होती.

"सगळ्यांना गोळा कर," मी म्हटलं. "कॉलेजातून फोन आलाय. निघायचंय."

"ड्यूटी पाचपर्यंत हाय."

"मी सांगतेय ना."

"मॅडम, तुमी जा. आमी नाय जाणार."

हे ती सगळ्यांसमोर म्हणाली, ठेकेदारासमोरसुद्धा. माझे कान तापले. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या विद्यार्थिनीने मला असं तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. मी तिच्या दंडाला धरून तिला बाजूला घेणार होते. पण तिने माझ्याकडे पाठ केली आणि त्या कामगारावर वाकून विचारलं, "भैया, ये लोग तुमको गुजरात ले जाने को बोलते हैं. तुमको जाना है?"

त्याला बोलायला त्रास होत होता. तो म्हणाला, "नहीं जाना."

"कमरे पे जला क्या तुम?"

"नहीं. कंपनी में."

ती सरळ उभी राहिली. "सर," तिने डॉक्टरला हाक मारली, "हा पेशंट जाणार नाय म्हणतो. कंपनीत जळला म्हणतो. दुसऱ्यांना पण विचारते."

आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. तिच्या मुली तिच्यामागे गेल्या नाहीत, त्या आपापल्या पेशंटपाशी तशाच उभ्या राहिल्या. सगळ्याच पेशंटनी तेच उत्तर दिलं नाही. एक जण ठेकेदाराकडे बघून रडायला लागला आणि काहीच बोलला नाही. पण दोन-तीन जण बोलले, तेवढं पुरे होतं. डॉक्टरने टेबलावरचा फोन उचलून पोलीस ठाण्याला लावला.

ठेकेदाराचा चेहरा बदलला. त्याने आपल्या माणसांना खूण केली. त्यांनी त्या तरुण कामगाराची ट्रॉली धरली आणि दाराकडे ओढली. सलाईनचा स्टँड कलंडला, तो एका मुलीने सावरला. ट्रॉली माझ्याच बाजूने येत होती. मी चाकाच्या ब्रेकवर पाय दिला आणि तशीच उभी राहिले.

"ए बाई, हटो," त्यातला एक म्हणाला.

"हात काढ," मी म्हटलं. "माझ्या वॉर्डातून पेशंट कुणी ओढून नेलेला नाही."

तो वॉर्ड माझा नव्हता. मी तिथे पाहुणी होते. पण हे सगळं मी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मी सरकारी नोकरीत अनेक वर्षं घासूनपुसून ठेवला होता, आणि त्या माणसाने हात काढला. मला त्या क्षणी ठेकेदाराचा राग होता, प्राचार्यांचा होता, आणि पाठ फिरवून गेलेल्या त्या मुलीचा तर सगळ्यांत जास्त होता. त्यातला कुठला राग त्या ब्रेकवर उभा होता ते मला आजही सांगता यायचं नाही.

पोलीस आले. त्यांनी जबाब घेतले. कॉलेजची बस बाहेर हॉर्न वाजवत राहिली. आम्ही पाच वाजता, ड्यूटी संपल्यावर तिच्यात बसलो. वाटेत कुणी बोललं नाही, पण आता ते सगळ्या दमलेल्या होत्या म्हणून.

मुंबईला हलवलेल्यांपैकी एक आठवड्याने गेला. तो तरुण कामगार वाचला. पुढे केस झाली एवढं कळलं, तिचं काय झालं ते कळलं नाही.

नंतर संस्थेची मीटिंग बसली. संस्थाचालक, प्राचार्य, आणखी दोन सभासद. कारखान्याच्या मालकाशी संस्थाचालकांची ऊठबस होती, हे पालघरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीला बाहेर उभं केलं होतं आणि मला आत बसवलं होतं. चहा आला. मी घेतला नाही.

संस्थाचालक गोड बोलले. "मॅडम, तुमच्या अनुभवाबद्दल आम्हाला आदर आहे. तुमचा अपमान झाला, याचं आम्हाला वाईट वाटतं. तुम्ही फक्त एवढंच सांगा, या मुलीने तुमचा हुकूम मोडला की नाही? पुढचं आम्ही बघतो."

पुढचं म्हणजे तिला काढायचं होतं, शेवटची परीक्षा तोंडावर असताना.

"मोडला," मी म्हटलं. "ती उद्धट आहे. पहिल्या दिवसापासून आहे."

प्राचार्यांनी समाधानाने मान हलवली.

"तिने ऐकलं असतं तर पेशंट त्या गाडीतून गेले असते," मी त्यांच्याकडे वळून म्हटलं. "मग पोलिसांनी मला विचारलं असतं की मुली कुणाच्या सांगण्यावरून उठल्या. मी तुमचा फोन आला होता असं सांगितलं असतं, सर. खोटं कशाला बोलू?"

संस्थाचालकांच्या आवाजातला गोडवा गेला. "मग शिस्तीचं काय?"

"शिस्त माझ्या वर्गातली गोष्ट आहे. ती माझी मी बघीन."

मुलीला काढलं नाही. मला सत्र संपल्यावर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. कारण दिलं नाही, मी विचारलं नाही.

माझ्या शेवटच्या दिवशी मुलींनी निरोप वगैरे दिला नाही. मला अपेक्षा नव्हती. आधीच्या ट्यूटरांना त्यांनी दिला होता म्हणे, वर्गणी काढून शर्टपीस. मी कपाटातलं सामान पिशवीत भरून निघाले तर ती जिन्याशी उभी होती. हातात पुस्तक.

"तुमी मीटिंगात मला उद्धट म्हणाल्या," ती म्हणाली.

"आहेसच."

"हाय," ती म्हणाली. मग पुस्तक उघडून म्हणाली, "शेवटचा धडा ऱ्हायला. परीक्षेला येतो. आता कोण शिकवणार?"

तो धडा वॉर्डातल्या सामानाच्या व्यवस्थेचा होता. औषधांचा साठा किती ठेवायचा, मागणी कधी करायची, जुनं आधी कसं वापरायचं. अख्ख्या पुस्तकात त्याच्यापेक्षा रटाळ धडा नाही. माझी रिक्षा खाली थांबलेली होती, रिक्षावाला वर तोंड करून बघत होता.

"वर्ग कुठाय?" मी विचारलं.

"बसलाय."

मी पिशवी टेबलावर ठेवली आणि शिकवायला लागले. साठ्याचा हिशेब मी सरकारी पद्धतीने सांगितला, तेव्हा मधल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की बोईसरच्या हॉस्पिटलात असं करत नाहीत. दुसरी म्हणाली, तिथे करत नाहीत म्हणून तर त्या दिवशी भाजल्यावर लावायच्या मलमाच्या जाळ्या कमी पडल्या. तिसरीने विचारलं, सरकारी हॉस्पिटलात तरी कमी पडत नाहीत का? मी म्हटलं, पडतात. का पडतात, यावर त्यांच्यात आणि माझ्यात चांगलंच वाजलं. खिडकीजवळची माझ्या बाजूने एक शब्द बोलली नाही. माझ्या मते ती तीन ठिकाणी चुकत होती आणि मी तिला ते सांगितलं. तिने दोन चुका मान्य केल्या.

रिक्षावाला निघून गेला होता. मला उमरोळीला जायला दुसरी शोधावी लागली.

ती पास झाली. आता डोंगरातल्या एका उपकेंद्रात आहे, असं मधे कुणाकडून तरी कळलं. तिच्या हाताखालच्या गावोगावच्या आशा सेविका म्हणे तिच्यावर फार नाराज असतात, कामाला जुंपते म्हणून. मला फोन करत नाही. मीही करत नाही.